थांबण्याची मुदत

बसमध्ये गाणं इतक्या जोरात लागलं होतं की नेई तेबोराचं पहिलं वाक्य रोतिआला ऐकूच आलं नाही. दुसरं आलं. "तुम्ही लोकांनी आमचं ऐकायचं बंद केलंत," असं ती म्हणाली आणि मांडीवरची केवड्याच्या पानांची पिशवी सरळ करून खिडकीबाहेर बघायला लागली. आवाजात राग नव्हता. पाऊस लांबलाय म्हणावं तसं ती ते म्हणाली होती. बस बेसिओ बंदर सोडून समुद्रातल्या बांधावर चढली होती. एका बाजूला आतला समुद्र ओहोटीने आटून पांढरा पडलेला, त्यात बायका वाकून शिंपले वेचत होत्या. दुसऱ्या बाजूला खरा समुद्र. रोज याच वेळी याच बांधावरून रोतिआ बाइरिकीला ऑफिसात जायची, आणि ही दहा मिनिटं तिच्या डोक्यात काहीही नसायचं. तेवढीच दिवसातली तिची स्वतःची दहा मिनिटं. आज त्यात हे वाक्य येऊन बसलं. तिने बाईकडे नीट पाहिलं तेव्हा ओळख पटली. ओनोतोआ बेटावरच्या दवाखान्यातली परिचारिका. चार वर्षांपूर्वी बाहेरच्या बेटांवरच्या परिचारिकांना बाइरिकीत बोलावून, रेडिओला जोडलेल्या यंत्रावरून पत्रं कशी पाठवायची ते रोतिआनेच शिकवलं होतं. तेबोरा सगळ्यात वयस्कर होती, आणि सगळ्यात आधी शिकली होती.

"कधी आलात, नेई तेबोरा?"

"काल संध्याकाळच्या बोटीने. एका पोरीला घेऊन आले. जुलाबांनी पार सुकली होती, सलाईन लावलंय. तिच्याकडेच चाललेय."

"अहो, मग पत्र टाकायचं ना आधी. विमानाने औषधं तरी पाठवली असती."

"टाकलं की. तीनदा टाकलं." तेबोराने बोटं दाखवली. "चोवीस नावं होती. यंत्र म्हणायचं, पाठवतोय, पाठवतोय. मग गप्प. मग परत पहिल्यापासून पाठवतोय. मला वाटलं बॅटरी गेली. तारांची टोकं लिंबाने घासली. कौन्सिलच्या माणसांना छपरावर चढवून उन्हाच्या पाट्या धुऊन घेतल्या. शेवटी म्हटलं, माझ्याच हाताला काही येत नाही आता. म्हातारी झाले."

"कौन्सिलचा फोन?"

"तो ईस्टरपासून मेलाय."

"पण तुमची रोजची हजेरी येते माझ्याकडे. रोज सकाळी."

"ती दोन ओळींची. ती जाते," तेबोरा म्हणाली. "मोठं काही सांगायला गेलं की तुम्ही उठून जाता."

बाइरिकीला रोतिआ उतरली. बस पुढे गेली, आणि गाणं बराच वेळ रस्त्यावर राहिलं. ऑफिसपर्यंतच्या वाळूच्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आपण फार रागावलो आहोत. तेबोरावर रागावलो आहोत, असं तिला आधी वाटलं. उठून जाता म्हणे. सहा वर्षं ती त्या खोलीत बसत होती. तिची खोली म्हणजे ऑफिसातली एकच खोली जिथे चपला बाहेर काढून जावं लागतं, जिथे गारवा कायम एकसारखा असतो आणि खाऱ्या हवेला मज्जाव असतो. तिथे काळ्या कपाटात सगळ्या देशाची सरकारी पत्रं ये-जा करणारा मेल सर्व्हर होता. परदेशात, सुवाला, एक वर्ष शिकून ती परत आली तेव्हा ते कपाट रिकामं होतं. प्रत्येक तार तिने स्वतः ओढली होती, प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लावली होती. सतरा बेटांवरचे सतरा दवाखाने तिला आवाजाने ओळखता यावेत तसे ओळखता यायचे. अरोराएचं यंत्र सकाळी लवकर बोलतं, आबेमामाचं दुपारनंतर, निकुनाउचं नेहमी अडखळत, कारण तिथला रेडिओ जुना. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण मनातल्या मनात तिला त्याचा अभिमान होता, आपण विणलेल्या चटईवर कुणी झोपलं की वाटतो तसा. आणि आता एक बाई बसमध्ये शेजारी बसून म्हणत होती की तुम्ही उठून जाता. रोतिआने चपला काढल्या, आत गेली, दार लावलं. गार हवेत उभी राहिली. राग तेबोरावरचा नव्हता हे तिला तेव्हा कळलं. मोठं काही सांगायला गेलं की. हे शब्द तिच्या आत एका ठिकाणी जाऊन लागले होते, आणि ते ठिकाण तिला माहीत होतं. पाच आठवड्यांपासून माहीत होतं.

पाच आठवड्यांपूर्वी ब्रिस्बेनहून सर्व्हरचा सल्लागार डर्मट आला होता, नऊ दिवसांसाठी. चांगला माणूस. उन्हाने लाल व्हायचा, कच्चा मासा लिंबू पिळून आवडीने खायचा, जमिनीवर मांडी घालून बसता येत नसे तरी बसायचा. सर्व्हर तेव्हा आजारी असल्यासारखा झाला होता. जगभरातून कचरा पत्रं पाठवणारी यंत्रं येऊन त्याच्याशी बोलणं सुरू करत आणि मग काही न बोलता तशीच धरून बसत. सर्व्हरला एका वेळी शंभर जणांशी बोलता येई, आणि त्या शंभर जागा असल्या मुक्या पाहुण्यांनी अडवून ठेवल्या होत्या. सचिवांचं पत्र शेजारच्या इमारतीत पोचायला तीन तास लागले तेव्हा वरून बोलणी बसली आणि डर्मटला बोलावलं गेलं. त्याने रोतिआला शेजारी खुर्चीवर बसवून घेतलं. पडद्यावरची एक ओळ दाखवली. समोरचा गप्प झाला तर किती वेळ थांबायचं आणि मग संबंध तोडायचा, त्याची ती ओळ. तिथे पाच मिनिटं लिहिलेली होती.

"पाच मिनिटं कोण कुणासाठी थांबतं?" डर्मट म्हणाला. "तीस सेकंद पुष्कळ झाले. खऱ्या माणसाला त्याहून जास्त लागतच नाही. पटतंय ना?"

"पटतंय," रोतिआ म्हणाली.

पटलं नव्हतं. घशात माशाचा बारीक काटा अडकावा तसं काहीतरी तेव्हाच अडकलं होतं. निकुनाउ अडखळतं, असं काहीतरी. पण आदल्याच दिवशी डर्मटने तिच्यासमोर ऑफिसप्रमुखांना, तेन इओतेबांना (नेई बाईला म्हणतात, तेन पुरुषाला), सांगितलं होतं की इतक्या बेटांवर फिरलो, पण या बाईंसारखं चटकन समजणारं माणूस पाहिलं नाही. ते कौतुक अजून अंगावर ताजं होतं. चटकन समजणाऱ्या बाईने अडखळत, मोडक्या इंग्रजीत, पण बेटांचं काय असं विचारायचं म्हणजे ते सगळं पुसून टाकण्यासारखं होतं. तिने मान हलवली. डर्मटने आकडा बदलला. तासाभरात सर्व्हर मोकळा झाला, सचिवांनी फोन करून आभार मानले, आणि काटा कुठे गेला ते तिने पाहिलं नाही. नंतर पाच आठवडे बेटांवरून फक्त हजेऱ्या आल्या. मोठ्या याद्या नाहीत, तक्रारी नाहीत. बेटांवर सगळं ठीक आहे, असं ऑफिसात लोक म्हणत होते. आरोग्यवाल्यांचा कारकून म्हणाला होता, "याद्या कधी वेळेवर आल्यात? बाहेरच्या बेटांवरची माणसं, झोप झाली की पाठवतील." आणि रोतिआ, जी स्वतः बाहेरच्या बेटावर, तमानावर, जन्मली होती, ती त्यावर हसली होती. ते हसू आता तिला ऐकू आलं, कुणी दुसरीच बाई हसतेय असं.

तमानावर तिचा बाप रेडिओ चालवायचा. बेटावर एकच रेडिओ, कौन्सिलच्या शेडमध्ये. ती नऊ वर्षांची असताना दोन महिने बोट आली नव्हती. पीठ संपलं, तांदूळ संपला, घासलेट संपलं. गावातले म्हातारे शेडमध्ये येऊन मांड्या घालून बसले आणि बापाने कानाला ते काळं लावून बेसिओला हाक मारली. रोतिआ टेबलाखाली बसली होती, कारण तिथे सावली होती आणि तिथून रेडिओचा छोटा लाल दिवा दिसायचा, पलीकडे कुणी ऐकत असेपर्यंत लागलेला. बेसिओच्या माणसाने उत्तर दिलं. बाप सांगायला लागला, हळूहळू, म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. कुठल्या गावात किती माणसं, कुणाकडे काय उरलंय. मध्येच दिवा विझला. बेसिओच्या माणसाने ऐकता ऐकता कंटाळून बंद केलं होतं, की त्याची जेवायची वेळ झाली होती, कुणास ठाऊक. बाप थांबला नाही. विझलेल्या रेडिओत तो बोलत राहिला. सगळी गावं सांगितली. मध्ये मध्ये "हो, हो, सांगतो" असंही म्हणाला, पलीकडून कुणी काही विचारत असल्यासारखं. मग कानावरचं काढून म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाला, ऐकलंय त्यांनी, बोट येईल. बोट तीन आठवड्यांनी आली, तशीही आलीच असती, आणि म्हाताऱ्यांनी सभाघरात त्याचं नाव घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी माडावरून उतरून त्याने तिला ताज्या नीरेचा पेला दिला तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने दिवा पाहिला होता, हे त्याला माहीत होतं. दोघांनी तो विषय कधी काढला नाही. त्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली. आणि बेसिओचा तो माणूस कोण असेल, कसा दिसत असेल, याचा विचार तिने लहानपणी फार केला होता. त्याला एखादा जाड, घामट चेहरा देऊन ठेवला होता. गार खोलीत उभं राहून तिला वाटलं, त्याचा चेहरा असा काही नसेलच. तोही चांगला माणूस असेल. कुणीतरी त्याला सांगितलं असेल की इतका वेळ थांबायचं कारण नाही, आणि त्याने मान हलवली असेल.

ती बसली आणि सर्व्हरची नोंद उघडली. कोण आलं, किती वाजता, किती बोललं, कसं गेलं, हे सगळं सर्व्हर ओळीओळीने लिहून ठेवतो. इतके दिवस ती ते रोज वरवर चाळत होती. आता तिने फक्त बेटांच्या ओळी वेगळ्या काढल्या. ओनोतोआ: आलं, पत्र द्यायला लागलं, मध्ये गप्प झालं, तीस सेकंद, तोडलं. परत आलं, पहिल्यापासून द्यायला लागलं, गप्प झालं, तीस सेकंद, तोडलं. रेडिओ तसाच असतो. हवेत खरखर वाढली की यंत्र बोलायचं थांबतं, धीर धरून बसतं, खरखर उतरली की पुढचा तुकडा देतं. कधी एक मिनिट, कधी चार. दोन ओळींची हजेरी एका दमात सुटायची. चोवीस नावांना दम पुरत नव्हता. तिने मोजलं. पाच आठवड्यांत दोनशे बारा वेळा तोडलं होतं. नऊ बेटं. ओनोतोआ त्यातलं एक. दोनशे बारा वेळा कुणीतरी बोलत होतं आणि तिच्या खोलीतून, तिच्या चिठ्ठ्या लावलेल्या तारांमधून, दिवा विझवला गेला होता. तिने त्या ओळी कागदावर छापून घेतल्या. मग उठून तेन इओतेबांच्या टेबलाशी गेली.

इओतेबा साठीला आलेले. गुडघे दुखतात म्हणून एक पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसायचे. त्यांनी सगळं ऐकलं, कागदावरच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"डर्मटला लिही," ते म्हणाले.

"लिहिलं. तो चौदा तारखेपर्यंत रजेवर आहे. तसं उत्तर आपोआप आलं."

"मग चौदापर्यंत थांबू. आठ दिवसांचा प्रश्न."

"तेन इओतेबा, ओनोतोआवर चोवीस जण आजारी आहेत. नेई तेबोरा स्वतः बोटीत बसून आली म्हणून कळलं. बाकीच्या आठ बेटांवर काय चाललंय ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

"आकडा परत पाच मिनिटं केलास तर तो सगळा कचरा परत येईल. सचिव मला उभा चिरतील. आठवतंय ना?"

"परत करणार नाही मी. दोन दारं करणार."

"दोन?"

"पुढचं आहे तसं, सगळ्या जगासाठी, तीस सेकंद. बेटांच्या सतरा यंत्रांचे पत्ते मला पाठ आहेत. त्यांना मागच्या दाराने घ्यायचं. तिथे थांबायची मुदत दहा मिनिटं."

इओतेबांनी कागद खाली ठेवला. "हे डर्मटने सांगितलं?"

"नाही. हे मला माहीत आहे."

असं काही आपण म्हणू असं तिला वाटलं नव्हतं. वाक्य बाहेर पडलं आणि टेबलावर पडून राहिलं. इओतेबांनी खुर्चीवरचा पाय खाली घेतला.

"तमानाची माणसं," ते म्हणाले. "तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा माणसाने पोहत जावं. पण माझी सही मिळायची नाही, पोरी. बिघडलं तर मी म्हणेन मला माहीत नव्हतं."

"सही नको. मी माझं नाव लिहिते."

आणि तिने लिहिलं. डर्मट जाताना सर्व्हरच्या सूचनांच्या यादीत जागोजागी इंग्रजीत टिपा लिहून गेला होता, काय कशासाठी केलं त्या, प्रत्येकीखाली स्वतःचं नाव. त्याच्या शेवटच्या टिपेखाली तिने नवी ओळ सुरू केली. बेटांसाठी वेगळं दार, रेडिओ हळू चालतो, कृपया ही मुदत कमी करू नये. खाली रोतिआ तेकाइ, तमाना. तमाना लिहायची काही गरज नव्हती. मग तिने सतरा पत्ते एकेक करून घातले, आठवणीतून, आणि मग वहीशी ताडून. सगळं जुळलं. सर्व्हरला नव्या सूचना वाचायला सांगितल्या, आणि सर्व्हर बंद पडला. पूर्ण बंद. पुढचं दारही आणि मागचंही. पडद्यावर एकच ओळ, आणि त्या ओळीचा अर्थ तिला त्या क्षणी लागेना. बाहेर कुणीतरी म्हणालं, मेल गेला की काय. सचिवांच्या ऑफिसातून आता फोन येईल हे तिला कळत होतं. सहा वर्षांत ती या खोलीत इतकी एकटी कधी नव्हती. तिने श्वास सोडला आणि ओळ पुन्हा वाचली, शाळेत वाचायची तशी, एकेका शब्दावर बोट ठेवून. एका ठिकाणी एक रिकामी जागा सोडायची राहिली होती. फक्त एक जागा. तिने ती सोडली, पुन्हा सांगितलं, आणि पडद्यावर येण्या-जाण्याच्या ओळी परत नेहमीसारख्या सरकायला लागल्या. एकूण तीन मिनिटं गेली होती. फोन आला नाही.

नंतर बराच वेळ काही झालं नाही. पुढच्या दाराने नेहमीची वर्दळ चालू राहिली, कचरा येत होता आणि तीस सेकंदांनी बाहेर काढला जात होता. मागच्या दाराशी शुकशुकाट. बाराला वीस मिनिटं असताना ओनोतोआचं यंत्र आलं. तेबोरा तिथे नव्हती, पण तिची पत्रं यंत्राच्या पोटात तशीच होती आणि ते दर तासाला आठवणीने प्रयत्न करत होतं. आलं, नाव सांगितलं, पत्र द्यायला लागलं, आणि गप्प झालं. इओतेबा दाराशी येऊन उभे राहिले होते. चपला काढलेल्या. दार उघडं राहिल्याने गारवा बाहेर चालला होता, पण तिचे डोळे पडद्यावरच होते. तीस सेकंद झाले. दिवा विझला नाही. एक मिनिट. दोन. दुपारची वेळ, खरखर सगळ्यात जास्त असते.

"गेलं वाटतं," इओतेबा म्हणाले.

"नाही. आहे ते."

"कशावरून?"

"थांबा जरा."

चार मिनिटांनंतर पुढचा तुकडा आला. मग आणखी एक. मग पुन्हा दीड मिनिट शांतता, आणि या वेळी इओतेबा खुर्ची ओढून बसले. एकूण सोळा मिनिटांनी पत्र पुरं झालं. तिने ते उघडलं. चोवीस नावं होती, प्रत्येकासमोर वय, गाव, किती दिवस, पाणी पोटात राहतं की नाही. शेवटी तेबोराने लिहिलं होतं, माझ्या यंत्रात बिघाड असल्यास क्षमा असावी. इओतेबांनी ते दोनदा वाचलं आणि बाहेर जाऊन आरोग्य खात्याला फोन लावला. त्यांचा फोनवरचा आवाज रोतिआला ऐकू येत होता. इतक्या मोठ्याने ते एरवी बोलत नसत.

निकुनाउ दुपारी दोनला आलं. तिथले परिचारक तेन बाउरो, त्यांची नऊ पत्रं साठली होती आणि ती एकामागून एक अडखळत यायला लागली. पहिलं पत्र लांब होतं. आरोग्याची विचारपूस, पावसाबद्दल दोन वाक्यं, मग अकरा मुलांची नावं, वयं, आयांची नावं, लक्षणं. तेच जुलाब. दुसऱ्या पत्रात विचारपूस नव्हती. तिसऱ्यात पाऊस नव्हता. चौथ्यातून आयांची नावं गेली होती. रोतिआ वाचत गेली आणि तिला कळत गेलं की हा माणूस काय करत होता. आपलं पत्र फार मोठं आहे, तिथल्या लोकांना इतका वेळ नाही, असं समजून त्याने ते रोज थोडं थोडं कापत आणलं होतं. सातव्या पत्रात वयं नव्हती. नवव्यात फक्त नावं होती, आणि ती अकरा नव्हती, दहा होती. तिने पुन्हा मोजली. पहिल्या पत्राशी लावून पाहिली. नेई तेरेउआ, आठ महिने, रुंगाता गाव. नवव्या पत्रात ती नव्हती. जागा वाचवायला काढलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. एका नावाने किती जागा वाचते ते तिला चांगलं माहीत होतं. तिने निकुनाउला एका ओळीचं पत्र लिहिलं: नेई तेरेउआ कशी आहे? आणि पाठवून दिलं. साडेचार वाजले, ऑफिस रिकामं झालं, शेवटच्या बसगाड्या भरून जायला लागल्या. ती बसून राहिली. तिला आपला अभिमान आणि आपली लाज वेगवेगळ्या काढता येईनात. एकाच तारेतून दोन्ही येत होत्या. पाच वाजता उत्तर आलं, सहा मिनिटं घेऊन. तेरेउआ बरी आहे, म्हणून यादीतून काढली, आज आजीच्या अंगावर रांगत होती. बाकीच्या दहांपैकी तिघांची काळजी वाटते. मीठ-साखरेच्या पुड्या संपल्या आहेत. आणि मग, जरा जागा सोडून: आपण विचारलंत, बरं वाटलं.

गुरुवारच्या विमानाने मीठ-साखरेच्या पुड्यांची खोकी दोन्ही बेटांवर गेली, निकुनाउला एक डॉक्टर गेला. तिघांपैकी दोघांना घेऊन तो परत आला, तिसरा तिथेच बरा झाला. पुढच्या दोन दिवसांत बाकीच्या सात बेटांची पत्रं आली. बहुतेक किरकोळ होती. एका ठिकाणी पाण्याची टाकी फुटली होती, एका ठिकाणी प्रसूतीला अडचण होऊन सगळं सुखरूप पार पडलं होतं आणि ते सांगायलाच तिथल्या नर्सने दोन पानं लिहिली होती. आरोग्यवाल्यांचा कारकून येऊन म्हणाला, "एकदम जागी झाली की तुमची बेटं." रोतिआ म्हणाली, "जागीच होती. झोपलो आपण होतो." तो हसायला लागला आणि तिच्याकडे बघून थांबला.

चौदा तारखेला ब्रिस्बेनहून डर्मटचा फोन आला. त्याने तिची टीप वाचली होती, नोंदीही वाचल्या होत्या.

"तू माझ्या शेजारी बसली होतीस," तो म्हणाला. "मी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंस. मी पटतंय म्हणाले."

"हं. पुढच्या वेळी पटल्याशिवाय म्हणू नकोस." मग म्हणाला, "हे मागचं दार मला आणखी दोन देशांत बसवायचंय. त्यांचीही बेटं अशीच आहेत. तुझ्या ओळी जशाच्या तशा घेऊ का?"

"घे."

"खालचं नाव काढून टाकू? त्यांना तमाना काय ते कळायचं नाही."

एरवी तिने काढ म्हटलं असतं. नावाचं काय एवढं, असंही म्हटलं असतं आणि फोन ठेवल्यावर दिवसभर त्याचा विचार केला असता. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. इओतेबा पायरीवर बसून कुणाला तरी हातवारे करून सांगत होते, दोन दारं, एक पुढे, एक मागे.

"राहू दे," ती म्हणाली. "कळलं नाही तर विचारतील."

तेबोरा त्याच आठवड्यात ओनोतोआला परत गेली, बऱ्या झालेल्या पोरीला घेऊन. जाण्याआधी ती ऑफिसात येऊन गेली, रोतिआ जेवायला गेली असताना, आणि तिच्या टेबलावर बाबाई या अळूसारख्या कंदाचा एक तुकडा पानात गुंडाळून ठेवून गेली. चिठ्ठी नव्हती. पण बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, ओनोतोआचं यंत्र मागच्या दाराशी आलं आणि पत्र द्यायला लागलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पत्र येतच राहिलं. इओतेबा येऊन डोकावून गेले. "आता काय झालं तिकडे?" "माहीत नाही," रोतिआ म्हणाली, आणि तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मोठं पत्र म्हणजे वाईट बातमी, हे आता तिच्या अंगात बसलं होतं. एकोणीस मिनिटांनी ते पुरं झालं. तिने उघडलं. आजारी कुणी नव्हतं. पाऊस झाला होता. नीरफणसांना या वर्षी फळ फार लागलं होतं आणि कौन्सिलच्या घरावर एक फांदी पडली. फोन अजून मेलेलाच होता. तेबोराच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, मुलगा बेरू बेटाचा, जरा बुटका पण कामसू. पोरगी परत शाळेत जायला लागली होती आणि तिकडे मोठं विमान पाहिलं म्हणून सगळ्यांना रोज सांगत होती. असं तीन पानं. रोतिआने ते एकदा वाचलं, मग खुर्ची मागे सरकवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. "कामाचं आहे का?" दारातून इओतेबांनी विचारलं. ती मान वर न करता आहे म्हणाली. तिसऱ्या पानावर पुतणीच्या लग्नाच्या जेवणाबद्दल तेबोरा सांगत होती, किती डुकरं, कुणाकडून, आणि मध्येच लिहिलं होतं की अजून पुष्कळ आहे, पण मासे तयार झाले, हाका मारतायत. पत्र तिथेच संपलं होतं, कारण नेई तेबोरा जेवायला गेली होती.